दुसऱ्या बादलीचं पाणी

“कुठलं पाणी? कधीचं?”

कुणाच्या घरी गेलेली बाई आधी काय विचारते? कशा आहात, मुलं काय म्हणतात, फार तर उकाड्याची चौकशी. आमच्या दिदिमणी हे दोन प्रश्न विचारायच्या. पाण्याचा पेला पुढे केला की तो घेऊन खिडकीपाशी जायच्या, उजेडात धरायच्या, एक डोळा बारीक करून बघत राहायच्या आणि पेल्यावरची नजर न काढता विचारायच्या. यजमानीण बिचारी बिस्किटांची बशी हातात घेऊन उभी.

उत्तर पटलं तर एक घोट जिभेवर घोळवायचा आणि म्हणायचं, “चालेल.” पाण्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी दिलेलं मी ऐकलेलं नाही. ‘छान’ नाही, ‘गोड’ नाही, नुसतं ‘चालेल’. पटलं नाही तर पेला तसाच खाली ठेवायचा, खांद्यावरच्या कापडी झोळीतून पाना काढायचा आणि पदर खोचून थेट मोरीत शिरायचं. बिस्किटं नंतर.

त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि खरं तर नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवतही नाही. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. बंगाली मुली बाईंना दिदिमणी म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना दिदिमणी म्हणायची. भाजीवाला, डॉक्टरबाबू, आम्ही चार मराठी घरं, सगळेच. त्यांचे आजोबा कोकणातून छापखान्यातल्या नोकरीसाठी कोलकात्याला आले ते तिथलेच झाले. दिदिमणींचा जन्म तिथला. लग्न केलं नव्हतं. मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, फक्त बंगाली लोकांसारखं त्या पाणी ‘खायच्या’. “थोडं पाणी खाते गं,” असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला हसू आवरेना. पुढे माझी मुलगीही तसंच बोलायला लागली, तेव्हा ते आवरलं.

आम्ही तिथे गेलो ते साठ सालानंतरच्या दशकाच्या अगदी शेवटी. ह्यांचं ऑफिस एस्प्लनेडला. बेहालाहून ट्राम मिळायची, म्हणून घर तिकडे घेतलं. खाली घरमालक आणि त्यांची बायको, म्हणजे आमचे मेशोमोशाय आणि माशिमा; वरच्या मजल्यावर आम्ही तिघं. मंजू तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. पहिल्याच आठवड्यात ह्यांचं पांढरं धोतर पिवळं पडलं, भाताला रंग आला आणि बादलीच्या तळाशी तांबडा गाळ बसला. मी बादलीजवळ बसून रडत असताना दारात एक उंच, चष्मेवाली, काठापदराच्या पांढऱ्या साडीतली बाई उभी राहिली. “नवीन मराठी घर आलंय म्हणून कळलं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता बादलीकडे बघितलं.

त्यांनी बिनदुधाच्या चहाचं उरलेलं पाणी मागून घेतलं आणि पेल्यातल्या नळाच्या पाण्यात थोडं ओतलं. बघता बघता पेला शाईसारखा काळा झाला. मी दोन पावलं मागे सरले. “घाबरू नकोस, लोखंड आहे,” त्या म्हणाल्या. “इथलं पाणी जमिनीतलं. त्याने कपडे मरतात, माणसं नाही.” मग एकावर एक तीन मडकी कशी रचायची, मधल्यात वाळू आणि कोळसा कसा भरायचा, सगळं त्यांनी स्वतः बसून दाखवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मडक्यात जे पाणी ठिबकलं त्यात मला माझं तोंड दिसलं. मी दिवसभर येता-जाता त्या मडक्यात डोकावत होते.

त्या दिवसापासून आमचा नळ त्यांच्या देखरेखीखाली आला म्हणायला हरकत नाही. एकदा नळातून दुधासारखं पाणी यायला लागलं. मी धावत बोलवायला गेले. त्यांनी पेला भरला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि मला शेजारी उभं केलं. “बघ. कुठून निवळतंय?” पाणी तळापासून वर वर स्वच्छ होत चाललं होतं. “खालून वर निवळलं तर नुसती हवा. वरून खाली निवळलं तर माती. हवा पोटात गेली तर ढेकर येईल, एवढंच.” मी आयुष्यभर पाणी प्यायले होते, पण पाण्याकडे इतका वेळ कधी उभी राहून बघितलं नव्हतं.

आणि पलीकडच्या घरातलं भूत? तेही त्यांनीच घालवलं. त्या घरात रोज पहाटे भिंतीत कुणीतरी दणकन लाथ मारायचं. सुनेने माहेरी जायची तयारी केली होती आणि पुरोहिताचं येणं ठरलं होतं. दिदिमणी गेल्या, भिंतीतल्या पाइपाला कान लावला, डोळे मिटले, एक बोट वर केलं. सगळं घर श्वास रोखून उभं. मग त्यांनी सुनेला नळ सोडून एकदम बंद करायला लावला. दणका! नळ उघडून त्यांनी आतली झिजलेली, खुळखुळणारी चामड्याची चकती काढली आणि जुन्या चपलेच्या तळव्यातून नवी कापून बसवली. अशा चकत्या त्यांच्या झोळीत एका बोरिक पावडरच्या डबीत कायम असायच्या. भूत गेलं. पुरोहित आले ते जेवून गेले.

मी एकदा विचारलं, “दिदिमणी, हे सगळं कशासाठी करता?” त्यांना प्रश्नच नीट कळला नाही बहुतेक. “अगं, मुलींना जगभरच्या नद्या शिकवते,” त्या म्हणाल्या. “घरात येते तिच्याकडे नको बघायला?”

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मंजू चार वर्षांची झाली आणि आजारी पडायला लागली. ताप, पोटदुखी, जुलाब. बरी व्हायची, आठ-दहा दिवस खेळायची, पुन्हा झोपायची. हात काड्यांसारखे झाले. डॉक्टरबाबूंनी औषधं बदलून पाहिली, पाणी उकळून द्यायला सांगितलं. मी पाणी उकळत होते, दूध उकळत होते, तिची भांडी उकळत्या पाण्यातून काढत होते. कोळशाची शेगडी दिवसभर विझत नव्हती. तरी पोर खंगतच होती. शेवटी डॉक्टरबाबू म्हणाले, हवापालट करून बघा. हे म्हणाले, “हिला इथलं पाणी मानवत नाही.” मोठ्या जाऊबाई साताऱ्याला असतात, त्यांच्याकडे तिला ठेवायचं ठरलं. किती दिवस, ते कुणी बोलत नव्हतं. शाळाही तिकडेच घालू, असं ह्यांनी एकदा म्हटलं तेव्हा मला कळलं की मुलगी माझ्या हातून जाणार. तिकीट आलं. मी तिचे झगे ट्रंकेत भरायला घेतले.

त्या दिवशी दुपारी दिदिमणी आल्या. मी पेला पुढे केला, ट्रंकेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “हिला इथलं पाणी मानवत नाही.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “मानवत नाही म्हणजे काय? कुठलं पाणी? कधीचं?”

इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर पहिल्यांदा चिडले. “दिदिमणी, आता पुरे! थेंब न थेंब उकळून देते मी. उकळल्याशिवाय या घरात तिच्या तोंडात पाणी जात नाही!”

त्या रागावल्या नाहीत. झोपलेल्या मंजूच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. “मी उद्या पहाटे येते,” त्या म्हणाल्या. “नळ यायच्या आधी. तुमचं रोजचं चालू दे. मी नाहीच असं समजा.”

पहाटे त्या आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसल्या. झोळी मांडीवर. नळ नेहमीसारखा आधी खोकला, मग फुसफुसला, मग धार लागली. हे सोवळं नेसून कळशी घेऊन उभेच होते. आमच्या घरची रीत अशी की नळाचं पहिलं पाणी देवाचं. कुणी न शिवलेलं, कुणी न वापरलेलं, पहिल्या धारेचं. ह्यांच्या वडिलांनी तसंच केलं, त्यांच्या वडिलांनीही केलं असणार, विहिरीवर. कळशी भरली. पूजा झाली. देवांना स्नान घातलेलं पाणी तुळशीपत्रासह वाटीत जमलं. मंजू अंथरुणातून उठून, भिंत धरत धरत, देवघरापाशी आली आणि तिने तळहात पुढे केला.

तिला तीर्थ फार आवडायचं. आजारपणात तर ती त्याचीच वाट बघायची. हे एक पळी घालायचे, ती म्हणायची, “आणखी.” हे हसून आणखी घालायचे. रोगाचा नाश होवो, असं मागणारा श्लोक म्हणत घालायचे. पोरीला बरं वाटावं म्हणून अलीकडे जरा जास्तच.

मी दारातून दिदिमणींकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. त्या उठल्या, देवघरापाशी गेल्या, वाकून नमस्कार केला आणि स्वतःचा हात पुढे केला. ह्यांनी पळीभर तीर्थ घातलं. त्यांनी तळहात नाकापाशी नेला, क्षणभर तिथेच थांबल्या. मग डोळे मिटून ते प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि मंजूचा हात धरून तिला बाहेर घेऊन आल्या.

“उद्यापासून पूजा दुसऱ्या बादलीच्या पाण्याने करा,” त्या ह्यांना म्हणाल्या. “आणि हिला तीर्थ उकळलेल्या पाण्याचं.”

ह्यांचा चेहरा उतरला. “दिदिमणी, देवाचं पाणी वाईट म्हणता?”

“देवाला काही होत नाही हो,” त्या म्हणाल्या. “मुलीला होतं.”

मी तिथेच खाली बसले. थेंब न थेंब उकळणारी मी, आणि हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं. पण तीर्थ म्हणजे पाणी, हे डोक्यात येणार कसं? तुमच्या आलं असतं?

हे मात्र ऐकेनात. त्यांनी कळशीतलं पाणी पेल्यात घेऊन दाखवलं, काचेसारखं स्वच्छ. “रात्रभर पाइपात राहिलं म्हणून जरा वास,” ते म्हणाले. खालून मेशोमोशायही आले. पाइपावर कुणी काही बोललं की त्यांना ते स्वतःच्या प्रकृतीवर बोलल्यासारखं लागायचं. “आमार पाइप एकदम नोतून!” त्यांनी दोन्ही हात वर करून सांगितलं, आपला पाइप कोरा करकरीत आहे. मग ह्यांनाही जोर आला. दिदिमणी वाद घालत बसल्या नाहीत. फक्त विचारलं, पाइप मागच्या अंगणातल्या नालीखालून जातो ना? जात होता.

दुपारी नळ गेल्यावर त्या पुन्हा आल्या. शाळेतून सरळ. झोळीतून त्यांनी नीळ काढली, पांढऱ्या साड्यांना घालतात तीच, चांगली मूठभर. पाइप जिथून जात होता तिथे नालीत पुढे-मागे विटा आणि चिंध्या लावून पाणी अडवलं आणि त्यात सगळी नीळ कालवली. नाली आकाशासारखी निळी झाली. माशिमा मागच्या दारातून बघत होत्या. त्यांना वाटलं, बाई फार शिकल्यावर असं होतं.

“आता काय होणार?” मी विचारलं.

“पाणी गेलं की पाइप रिकामा होतो. रिकामा झाला की ओढतो. कुठे फट असेल तर बाहेरचं जे मिळेल ते आत घेतो,” त्या म्हणाल्या. “फट नसेल तर मी मेशोमोशायांची माफी मागेन.”

दुसऱ्या दिवशी नळ यायच्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. हे सोवळ्यात, कळशी हातात. त्यांनी मुद्दाम रोजच्यासारखीच तयारी केली होती. मेशोमोशाय दारात. माशिमा त्यांच्यामागे. मी मंजूला कडेवर घेतलेलं. दिदिमणी मागे भिंतीला टेकून. नळ खोकला. फुसफुसला. थांबला. आणि मग कळशीत धार पडली, ती निळी.

गडद नव्हती. सकाळच्या उजेडात पितळी कळशीच्या काठावर ती निळाई अगदी हलकी दिसत होती. पण निळी होती. “ओ मा, जोल जे नील!” माशिमा एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मंजूने माझ्या कडेवरून हात पुढे केला, कारण कळशी दिसली की तीर्थ मिळतं हे तिला ठाऊक होतं. मी तो हात मुठीत घट्ट धरून ठेवला.

धार हळूहळू फिकी होत गेली, दुसरी बादली लागेपर्यंत पाणी रोजच्यासारखं स्वच्छ झालं. इतके महिने आमच्या घरात काय येत होतं आणि ते कुठून कुठे जात होतं, ते सगळं त्या दोन बादल्यांच्या वेळात आम्ही डोळ्यांनी बघितलं. ह्यांनी कळशी खाली ठेवली. सोवळ्यातच होते, तरी वळले आणि दिदिमणींच्या पायाशी वाकले. हे माझ्या माहितीप्रमाणे वडीलधाऱ्यांखेरीज कुणापुढे वाकलेले नाहीत. दिदिमणी दचकून बाजूला झाल्या. “अहो, काय हे! मिस्त्रीला बोलवा आधी!”

मिस्त्री आला, अंगण खणलं. पाइप खरंच नवा होता; सांधा जुना होता. तो नालीच्या बरोबर खाली, कुजलेल्या तागाने कसाबसा धरलेला. दिदिमणींनी मेशोमोशायांना तेवढंच सांगितलं, की तुमचा पाइप निर्दोष आहे, आणि ते लगेच खर्चाला तयार झाले. पाइप नालीवरून घेतला. सांध्याला गुंडाळायला ताग आला नदीकाठच्या बजबज गावाहून, तिथल्या तागाच्या गिरणीच्या कचेरीत दिदिमणींचा धाकटा भाऊ होता. त्यावर फट बुजवायला सफेद्याचा लेप थापला. मिस्त्रीने शेवटचा पेच आवळला तेव्हा दिदिमणींनी पाइपाला कान लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

त्यानंतर दोन दिवस त्या शाळेत गेल्या नाहीत. पोट बिघडलं होतं. मी मऊ भात घेऊन गेले. “तुम्हाला वासावरून कळलं होतं ना?” मी विचारलं. “मग प्यायलात कशाला?”

त्या उशीला टेकून लाजल्यासारख्या हसल्या. “देवापुढे पेला खाली ठेवता येत नाही गं.”

तिकीट परत केलं. ट्रंकेतले झगे मी एकेक करून पुन्हा खुंटीवर टांगले आणि प्रत्येक झगा टांगताना रडले. दुर्गापूजेच्या दिवसांत मंजू मांडवात ढाक नावाच्या ढोलाच्या तालावर इतकी नाचली की तिला ओढून घरी आणावं लागलं. आमच्या घरची रीत बदलली. पहिली बादली फरशीला, दुसरी देवाला. ह्यांनी ती बदलली ती कायमची.

तीन वर्षांसाठी म्हणून गेलेलो आम्ही, दहा वर्षं होत आली तरी तिथेच होतो. दिदिमणी निवृत्त झाल्या. पाना जड होतो म्हणायच्या, पण झोळीतून काढायच्या नाहीत. एका थंडीत त्यांची छाती दुखायला लागली आणि डॉक्टरबाबूंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत.

त्या शेवटच्या दिवशी मी आणि मंजू त्यांच्याकडे होतो. मंजू आता माझ्या खांद्याला लागत होती. गल्लीतली निम्मी माणसं ओसरीवर. बजबजचा भाऊ लोकलने धावत आला. त्याच्या हातात बाटली होती, तिच्यात गंगाजल. त्याने खाटेपाशी बसून चमचा भरला आणि त्यांच्या ओठांशी नेला.

दिदिमणींनी डोळे उघडले. “कुठलं पाणी?” त्या म्हणाल्या. आवाज नव्हताच, नुसता वारा. “कधीचं?”

“गंगेचं, ताई,” भाऊ म्हणाला. “बजबजच्या घाटावरचं. आज सकाळीच भरलं.”

“गिरणीच्या वरचं की खालचं?”

भाऊ हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, आणि आम्ही सगळेच. दिदिमणींनी दोन बोटं चमच्यात बुडवून कपाळाला लावली, भावाच्याही कपाळाला लावली. त्याला वाईट वाटू नये म्हणून असणार. मग नजर फिरवत मंजूवर आणली. “थोडं पाणी खाते गं.”

मंजू मोरीत गेली. मी दारातून बघत होते. तिने नळ सोडला. एक बादली भरू दिली आणि बाजूला सरकवली. दुसरी भरत आल्यावर धारेखाली पेला धरला, तो खिडकीपाशी नेला, उन्हात उंच केला आणि एक डोळा बारीक करून बघत राहिली. पाणी तळापासून वर निवळत गेलं. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मला त्या क्षणी, ज्या हाताला मी एकदा मुठीत धरून ठेवलं होतं तोच हात दिसत होता, आणि तो इथे होता, साताऱ्याला नव्हता.

ती पेला घेऊन खाटेपाशी आली. दिदिमणींनी विचारलंच, “कुठलं?”

“नळाचं. दुसऱ्या बादलीचं. आत्ताचं.”

मी त्यांची मान उचलून धरली. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, सावकाश गिळला. आणखी एक घेतला. मग मंजूकडे बघून म्हणाल्या,

“चालेल.”